मित्रांच्या कानांनी

भास्करबुवा बखले यांचं गाणं आज ऐकता येत नाही. एप्रिल १९२२ मध्ये ते पुण्यात वारले, तेव्हा ग्रामोफोन कंपनीनं कलकत्त्यात पहिली ध्वनिमुद्रणं करून जवळजवळ वीस वर्षं झाली होती. त्या वीस वर्षांत कितीतरी गायक-गायिकांच्या तबकड्या निघाल्या. बुवांची एकही आपल्या हाती नाही. त्यांच्या गुरूंपैकी एक, अल्लादिया खाँसाहेब, यांचंही तसंच. खाँसाहेब १९४६ पर्यंत होते. तबकडी, रेडिओ, बोलपट हे सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत आलं. त्यांचा आवाज मात्र मागे राहिला नाही. तरीही या दोघांना वगळून ख्यालगायकीचा इतिहास कोणी लिहीत नाही. मग तो कशाच्या आधारावर लिहिला जातो? शिष्यांच्या गळ्यावरून आणि मित्रांच्या आठवणींवरून. शिष्यांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मला लिहायचं आहे ते मित्रांबद्दल.

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो २००१ साली, कलकत्त्यात. तुलनात्मक साहित्यात एम. ए. करायला मी नागपूरहून जादवपूर विद्यापीठात गेले होते. बॅगेत कपड्यांच्या तळाशी बाबांनी गोविंदराव टेंबे यांचं ‘माझा संगीत व्यासंग’ ठेवून दिलं होतं. बांधणी सुटलेली, वरून सुतळी गुंडाळलेली. वसतिगृहात माझ्या खोलीतली मैत्रीण बंगाली. तिच्याही टेबलावर तिच्या वडिलांनी दिलेलं एक जुनं पुस्तक होतं, अमियनाथ सान्याल यांचं ‘स्मृतिर अतले’. दोन्ही पुस्तकं गाणाऱ्यांच्या आठवणींची, दोन्ही लिहिणारे गाण्यात आकंठ बुडालेले. पहिल्याच आठवड्यात आमचा करार ठरला. रोज रात्री जेवणानंतर एकीनं आपल्या पुस्तकातली चार पानं वाचायची आणि दुसरीला हिंदीत सांगायची. हिंदी अडलं तर इंग्रजी, तेही अडलं तर हातवारे. आज मी ज्या कामावर पोट भरते त्याची सुरुवात तीच.

पुस्तक मिटलं की कॅसेट लागायची. मल्लिकार्जुन मन्सूर, फैयाज खाँ, केसरबाई केरकर. बहुतेक सगळं कोणाकोणाकडून नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून आणलेलं. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. राग रंगात यायला आणि फीत संपायला एकच गाठ पडायची. एका रात्री मी टेंब्यांचं भास्करबुवांवरचं लिखाण सांगत होते. मैत्रीण म्हणाली, “आता यांची कॅसेट लाव.” मी म्हटलं, कॅसेट नाही, तबकडीसुद्धा नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “म्हणजे मी यांच्या गाण्यावर नाही, तुझ्या गोविंदरावांवर विश्वास ठेवायचा? ते तर प्रेमात पडलेले आहेत. प्रेमात पडलेल्या माणसाला बेसूर ऐकू येतं का?”

मला उत्तर देता आलं नाही.

त्यावर पुढे जे वाचलं, ते सांगायचं तर आधी टेंबे कुठे बसून ऐकत होते ते पाहावं लागतं. त्यांचा जन्म १८८१चा, वाढले कोल्हापुरात. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून आणलं, तेव्हा टेंबे चौदा वर्षांचे. राजस्थानातल्या उनियाऱ्याचा हा गायक कोल्हापुरात स्थिरावला आणि एका मराठी मुलाच्या कानांची जडणघडण बदलली. टेंबे गाण्याकडे आले ते हार्मोनियममधून. पुढे भास्करबुवांच्या साथीला तेच बसू लागले. साथीदाराची जागा गायकापासून हातभर अंतरावर. श्रोत्यांना तान ऐकू येते; साथीदाराला तानेआधी घेतलेला श्वासही ऐकू येतो. गवई आज कुठे अडला, कुठे त्यानं वाट बदलली, हे त्याच्या बोटांना आधी कळतं. टेंबे बुवांना गुरू मानत, पण त्यांचं नातं निव्वळ गुरुशिष्याचं नव्हतं. त्यात सोबत होती, प्रवास होता, एकत्र ऐकणं होतं. मराठीत आपण ज्याला संगत म्हणतो तिचे दोन्ही अर्थ इथे लागू पडतात.

आणि ज्यांची संगत मिळाली ते बुवाही एका घरात मावणारे नव्हते. १८६९ साली बडोदे संस्थानातल्या कठोर गावी जन्म. लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत, तिथे आवाज फुटला आणि रंगभूमी सुटली. मग बडोद्यात फैज महंमद खाँ, पुढे आग्रा घराण्याचे नत्थन खाँ, आणि त्यानंतर अल्लादिया खाँ. गवई म्हणून नाव झाल्यावरही ते पुन्हा शिकायला बसले. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी संगीत शिकवलं, १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाज काढला, १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना चाली दिल्या. गुजरात, कर्नाटक, महाराष्ट्र. तीन मुसलमान उस्ताद आणि त्यांच्या हाताखाली शिकलेला एक मराठी ब्राह्मण. आज या जोडीचं कौतुक करताना आपण ‘समन्वय’ वगैरे शब्द वापरतो. प्रत्यक्षात ते फार साधं होतं: विद्या ज्याच्याकडे होती त्याच्या दारात जाऊन राहायचं, त्याची भाषा शिकायची, त्याचा राग-लोभ सोसायचा.

टेंब्यांचं स्वतःचं आयुष्यही तसंच फिरत राहिलं. ‘मानापमान’ला त्यांनी १९११ मध्ये चाली दिल्या त्या पूरबच्या ठुमरी-दादऱ्यांच्या वळणाच्या. १९१३ साली ते बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात त्यांनी हरिश्चंद्राची भूमिका केली, संगीतही दिलं. ‘माझा संगीत व्यासंग’ आलं १९३९ साली. तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि बुवांना जाऊन सतरा वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली. हे परदेशी वाद्य आपल्या श्रुतींना न्याय देत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. ज्या वाद्यामुळे टेंब्यांना बुवांच्या शेजारी जागा मिळाली, तेच वाद्य सरकारी दप्तरी अपात्र ठरलं. ते पुस्तक आज वाचताना हे लक्षात ठेवलं तर कळतं की त्यात निव्वळ हळवेपणा नाही. एका विशिष्ट जागेवरून ऐकलेल्या गाण्याची ती साक्ष आहे, आणि ती जागाही जाण्याच्या बेतात होती.

आमच्या खोलीत तिसरं पुस्तक आलं ते योगायोगानं. अल्लादिया खाँसाहेबांनी अखेरच्या वर्षांत आपला नातू अझीझुद्दीन खाँ यांना उर्दूत आपली जीवनकथा सांगितली होती. तिचं इंग्रजी भाषांतर २००० साली कलकत्त्याच्याच ‘थीमा’ प्रकाशनानं काढलं. भाषांतरकार अमलान दासगुप्ता आणि ऊर्मिला भिरडीकर. आम्ही दोघींनी पैसे जमवून ते घेतलं. टेंब्यांनीही १९५४ मध्ये खाँसाहेबांचं मराठी चरित्र लिहिलं आहे. म्हणजे एकाच माणसाबद्दल एक कथन त्याच्या स्वतःच्या तोंडचं आणि एक मित्राचं. खाँसाहेब बोलतात ते घराण्याबद्दल, नात्यागोत्यांबद्दल, संस्थानांतल्या वाटचालीबद्दल. तरुणपणी अमलेट्याला सलग गावं लागल्यानं त्यांचा आवाज बसला. परत आला तो पूर्वीचा नव्हता, आणि त्या नव्या आवाजाला मानवेल अशी गुंतागुंतीची, वक्र गायकी त्यांनी घडवली, हे सर्वश्रुत आहे. ज्याचा आवाज गेला त्याला त्या घटनेचं मोल वेगळं, आणि ज्यानं फक्त नंतरचाच आवाज ऐकला त्याला वेगळं. मित्राच्या दृष्टीनं ती गायकीची सुरुवात आहे. गाणाऱ्याच्या दृष्टीनं ते आधी एक नुकसान आहे.

मैत्रिणीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे मिळालं. मित्राची आठवण एकटी वाचायची नसते. तिच्याशेजारी दुसऱ्या भाषेतली, दुसऱ्या घराण्यातली आठवण ठेवायची. नत्थन खाँ यांचे चिरंजीव विलायत हुसेन खाँ यांचं ‘संगीतज्ञों के संस्मरण’ १९५९ मध्ये हिंदीत आलं. मराठीत बी. आर. देवधरांचं ‘थोर संगीतकार’ आहे. कन्नडमध्ये मन्सूरांचं ‘नन्न रसयात्रे’. मन्सूर अल्लादिया खाँसाहेबांच्या दोन मुलांकडे, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे शिकले. ही पुस्तकं एकमेकांसाठी लिहिलेली नाहीत, आणि म्हणूनच त्यांची साक्ष जिथे जुळते तिथे तिला वजन येतं. हा इतिहास एका भाषेत कधीच पूर्ण सापडणार नाही, कारण तो एका भाषेत घडलाच नाही.

पण दुसरी एक गोष्टही इथेच लक्षात आली, आणि ती सुखाची नाही. ज्याला लिहिणारा मित्र मिळाला त्याचंच गाणं असं कागदावर उतरलं. गौहरजानचं पहिलं ध्वनिमुद्रण १९०२चं. तीन मिनिटांचं गाणं संपलं की शेवटी ती स्वतःचं नाव सांगते. ती १९३० साली म्हैसूरला वारली. तिच्या तबकड्या आहेत. पण तिच्या शेजारी बसून गायलेल्या एखादीनं तिच्याबद्दल लिहून ठेवलेलं पुस्तक आपल्या कपाटात नाही. भास्करबुवांचा मित्र आहे, तबकडी नाही; गौहरजानची तबकडी आहे, मैत्रीण नाही. मैफलीत पुरुष पुरुषाच्या शेजारी बसत होता, प्रवासात बरोबर होता, घरी जाऊन लिहू शकत होता. गाणाऱ्या बाईच्या शेजारी असायचे सारंगिये आणि तबलजी. त्यांनीही हातभर अंतरावरूनच सगळं ऐकलं होतं. त्यांतल्या फार थोड्यांच्या हाती लेखणी आली. म्हणून टेंब्यांचं पुस्तक वाचताना त्यात कोण आहे याइतकंच, त्याच प्रकारचं पुस्तक कोणाबद्दल लिहिलं गेलं नाही, हेही विचारावं लागतं.

प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर मैत्रिणीनंच दिलं, तेही वाद जिंकण्यासाठी नव्हे. आमच्या खेळाचा एक नियम होता: आधी पुस्तकाचं नाव भाषांतरित करायचं. तिच्या पुस्तकाचं नाव सोपं होतं, आठवणींच्या तळाशी. माझं अडलं ‘व्यासंग’वर. मराठीत व्यासंग म्हणजे दीर्घकाळ, निष्ठेनं केलेला अभ्यास. व्यासंगी माणूस म्हणजे विद्वान. मी तिला ‘अध्ययन’ सांगितलं, मग ‘साधना’. दोन्ही तिला पटले नाहीत. शेवटी ग्रंथालयात जाऊन तिनं संस्कृत कोश उघडला. तिथे व्यासंगाचे अर्थ होते आसक्ती, जडून राहणं, एखाद्या गोष्टीत इतकं गुंतणं की दुसरीकडे लक्षच जाऊ नये. परत आली ती हसतच. “तुमच्या भाषेनं आसक्तीला पदवी दिलीय,” म्हणाली.

टेंब्यांच्या मनात संस्कृत अर्थ होता की मराठी, हे ठरवायची गरज मला वाटत नाही. त्यांच्या पुस्तकात ते दोन वेगळे करता येत नाहीत. आसक्ती नसती तर ते वर्षानुवर्षं त्या गळ्याशेजारी बसलेच नसते. आणि नुसतीच आसक्ती असती तर ऐकलेलं वेगळं काढून सांगता आलं नसतं. प्रेमात पडलेल्या माणसाला बेसूर ऐकू येत नाही, हे खरं असेलही. पण इतरांना ऐकू न येणारं पुष्कळ काही त्यालाच ऐकू येतं.

गेल्या वर्षी मैत्रिणीशी बऱ्याच काळानं फोनवर बोलणं झालं. त्या रात्रीचा विषय निघाला. मला आठवत होतं की भास्करबुवांची कॅसेट नाही म्हटल्यावर मी मन्सूर लावले. ती म्हणाली, छे, फैयाज खाँ. कॅसेट माझीच होती, आणि तू अर्ध्यात झोपलीस. मी झोपले नव्हते. सालही तिच्या हिशेबानं २००२. बराच वेळ घासाघीस झाली, कोणीच मागे हटेना. मग ती म्हणाली, वीज गेली होती, आठवतं? आठवत होतं. टेपरेकॉर्डर सेलवर चालला होता, सेल उतरत गेले, फीत मंदावली आणि षड्ज हळूहळू खाली घसरत गेला. तरी आम्ही दोघींनीही तो बंद केला नाही. षड्ज किती खाली गेला हे तिनं फोनवर गुणगुणून दाखवलं. माझ्या आठवणीतला तोच होता.

‘माझा संगीत व्यासंग’चं हिंदी भाषांतर मी सध्या करते आहे. निम्म्याहून अधिक झालं आहे. नाव अजून ठरलेलं नाही.