कडू पाण्यांतील साखर

जिन आणि टॉनिक हें पेय म्हणजे औषधाचें अपत्य, अशी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. हिंदुस्थानांतील गोऱ्या शिपायाला हिवतापासाठीं कोयनेल घ्यावें लागे. तें घशाखालीं उतरेना, म्हणून त्यानें त्यांत साखर, लिंबू, पाणी व जिन मिसळली, अशी ती कथा. कथा रंजक आहे; पण तींत औषध किती व साखर किती याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. हल्लीं कित्येक घरांतून हें पेय कमी साखरेचें करण्याची खटपट चालते, तिला तो उपयोगी पडावा.

कोयनेल हें अँडीज पर्वतावरील सिंकोना झाडाच्या सालींतील सत्त्व. साल जेझुइट पाद्र्यांमार्फत सतराव्या शतकांत युरोपांत आली. सत्त्व निराळें काढलें तें पेलेतिए व काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनीं, १८२० सालीं. १८६० नंतर मार्खमच्या उद्योगानें हीं झाडें निलगिरीवर लागलीं, आणि १८९२ पासून बंगालच्या टपालकचेऱ्यांतून एका पैशाची पुडी मिळूं लागली. आपल्या भाषेनें तर क्विनाइनचें कोयनेल करून तें घरचेंच करून टाकलें.

बाटलीबंद टॉनिकचें मूळ मात्र छावणींत सांपडत नाहीं. फसफसणाऱ्या टॉनिकचें पेटंट १८५८ सालीं लंडनमध्यें इरॅस्मस बाँड यानें घेतलें. जिन आणि टॉनिक या जोडीच्या अगदीं जुन्या छापील उल्लेखांपैकीं एक १८६८ च्या ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन’ मधला आहे, आणि तो रुग्णालयांतला नसून घोड्यांच्या शर्यतींतला आहे!

मौज अशी कीं, त्याच शतकांत जिन उलट दिशेनें चालली होती. हपुषेच्या फळांचा वास दिलेली ही दारू पूर्वीं ओबडधोबड निघे, व तिचे दोष झांकण्यास ‘ओल्ड टॉम’ जिनमध्यें साखर घालीत. १८३० सालीं कॉफी यानें अखंड ऊर्ध्वपातनाच्या यंत्राचें पेटंट घेतलें. मद्यार्क स्वच्छ निघूं लागला, आणि त्या साखरेचें कारण उरलें नाहीं. जिनमधली गोडी गेली ती पाण्यांत जाऊन बसली.

आतां हिशेब. अमेरिकेंतील नियमाप्रमाणें टॉनिकमध्यें दर दहा लक्ष भागांत कोयनेल ८३ भागांहून अधिक चालत नाहीं. म्हणजे २०० मिलिलिटरच्या बाटलींत १७ मिलिग्रॅमहि नाहीं. हिवतापाच्या उपचारांत एका वेळची मात्रा सुमारें ६०० मिलिग्रॅम असते; तेवढ्यासाठीं छत्तीस बाटल्या रिचवाव्या लागतील! साखर मात्र, शंभर मिलिलिटरला आठ-नऊ ग्रॅम धरली, तर एका बाटलींत चार चमचे भरते. औषध नांवापुरतें उरलें, आणि त्याचा कडूपणा झांकावयास आलेली साखर घरांत ठाण मांडून बसली.

तेव्हां उपाय पाण्याशींच करावयाचा. ३० मिलिलिटर जिन मोजून घ्यावी, बर्फ भरपूर घालावा, आणि टॉनिक एक भाग तर बिनसाखरेचा साधा सोडा दोन भाग ओतावा. साखर तिसऱ्या हिश्शावर येते, कडवट चव थोडी राहते, व लिंबाची साल वरून पिळली म्हणजे तिच्या तेलाचा वास गोडीची उणीव भासूं देत नाहीं. सिंकोनाची साल आणून घरींच अर्क काढण्याचा उत्साह कोणी दाखवितात; तो आम्हांस पसंत नाहीं. त्यांतलें कोयनेल घरीं मोजतां येत नाहीं, आणि तें जास्त झाल्यास कानांत घूं घूं होते, डोकें दुखतें, दृष्टीहि अंधुक होते.

जिन वगळूनहि हें पेय चांगलें लागतें. आम्ही तें तसेंच घेतों. सोडा मात्र नुकताच फोडलेला असावा.