आजीच्या पदराखाली



जुबिलीच्या या मंगल प्रसंगी आपण देवालयाकडे कृतज्ञतेने पाहतो. तथापि ज्यांच्या मांडीवर बसून आपली लेकरे क्रूसाची खूण करावयास शिकली, त्या आज्यांच्या स्मरणावाचून हा उत्सव पुरा व्हावयाचा नाही. संत पावलाने तीमथ्याच्या आजीचे, लोईसचे, नाव पत्रात आदराने घातले, ते उगीच नव्हे. आईबाप अकाली गेले असता लेकरू बहुधा आजीच्याच पदराखाली येते. अशा आजीला हात देणाऱ्यांचा वृत्तान्त येथे थोडक्यात सांगावयाचा आहे.

आपला भंडारा जिल्हा ज्या मध्यप्रांतात होता, तेथे १८९६-९७ साली व पुन्हा १८९९-१९०० साली घोर दुष्काळ पडला. पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः या प्रांतात आल्या व शेकडो निराधार मुली व विधवा यांना घेऊन गेल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातूनच वाढले. पंथ निराळा असला तरी त्यांच्या दयाधर्मास आपण वंदन केले पाहिजे. ज्या लेकराचे कोणीच उरले नाही, त्यास अनाथालयावाचून दुसरा आश्रय कोणता?

परंतु ज्याची आजी जिवंत आहे, त्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर दूर आफ्रिकेत, युगांडा देशी सापडते. तेथे एड्सच्या साथीने कर्ती पिढी कापून नेली. घरात उरल्या म्हाताऱ्या आणि नातवंडे. न्याकाग्येझी गावचे ट्वेसिग्ये जॅक्सन कागुरी अमेरिकेत राहत असत. याच रोगाने त्यांचा भाऊ १९९६ साली व बहीण १९९७ साली वारली. गावी गेले की आज्या त्यांच्या दारी येत व नातवंडांसाठी साहाय्य मागत. तेव्हा स्वतःच्या घरासाठी साठविलेले पाच हजार डॉलर त्यांनी व त्यांच्या पत्नीने २००१ साली अनाथांच्या शाळेसाठी काढून दिले. हीच न्याका संस्था होय.

शाळा चालू झाल्यावर त्यांना उमगले की, लेकरू संध्याकाळी ज्या घरी परतते तेथेच चूल थंड असेल, तर शाळा एकटी काय करणार? म्हणून २००७ साली आज्यांसाठी निराळे कार्य आरंभिले. आज्यांची मंडळे झाली. बियाणे, अल्प कर्ज, शिक्षण व कित्येकींस घर मिळू लागले. पहिले घर कोणाला द्यावे, हे मंडळातील आज्याच ठरवितात. त्यांस भिक्षा नव्हे, मान मिळाला. २००६ साली कॅनडात स्टीफन लुईस यांच्या संस्थेने टोरांटो येथे आफ्रिकेच्या शंभर व कॅनडाच्या दोनशे आज्या एकत्र बसविल्या. तेथूनही असल्या कार्यास बळ मिळाले.

आता चिखल्याकडे वळू. मॅंगनीजच्या खाणींवर पोट भरणाऱ्या या वस्तीतही नातवंडे वाढविणारी आजी दुर्मिळ नाही. पोरक्या लेकरासाठी वसतिगृहाला शिफारसपत्र लिहून आपले कर्तव्य झाले, असे मी स्वतः अनेकदा मानिले. “आजी, हे घरीच राहावे म्हणून तुम्हांला काय हवे?” असे मात्र विचारिले नाही, ही माझी चूक मी येथे कबूल करितो.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ सालापासून जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबांचा दिवस नेमून दिला आहे. त्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एकेका आजीच्या उंबरठ्यावर जाऊन हा प्रश्न आपण विचारू या, व उत्तर ऐकून रिकाम्या हाती परतू नये. आपल्या जुबिलीचे हेच खरे फळ ठरो.