काळी, पांढरी आणि इमारतीचा पाया



आमच्या वऱ्हाडात गावची जमीन दोन नावांनी ओळखली जायची. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती. कपाशी काळीत, माणसं पांढरीवर. गावोगावच्या गढ्या याच पांढऱ्या मातीच्या. ही पांढरी बहुतेक ठिकाणी निसर्गाने दिलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेणमाती, पडलेल्या भिंती साचून ती तयार झाली. (म्हणून तर पांढरीचे टेकाड दिसले की पुरातत्त्ववाले थांबतात!) ती भेगाळत नाही. वाडवडिलांनी मातीचे पृथक्करण केले नव्हते, पण कुठे भिंत टिकते हे त्यांनी पाहिले होते.

काळीचे वागणेच वेगळे. तिच्यातल्या चिकणमातीचे सूक्ष्म थर पाणी आत ओढून फुगतात आणि सुकले की आक्रसतात. वैशाखात भेगेत बैलाचा पाय अडकतो, श्रावणात तीच जमीन वर उचलते. कपाशीला हे मानवते, भिंतीला नाही.

पुढे गावठाणे भरली आणि शाळा, दवाखाना, अंगणवाडी यांना जागा मिळू लागली ती ई-क्लासवर किंवा कोणी दान दिलेल्या शेतात, म्हणजे काळीतच! मी ज्या एका शाळेत शिकवले तिची नवी इमारत अशीच उभी राहिली. दोन पावसाळ्यांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या. दर दिवाळीच्या सुट्टीत सिमेंट लिंपायचे, उन्हाळ्यात ते पुन्हा उकलायचे. रंग मात्र दरवर्षी नवा. असो.

पूर्णेच्या खोऱ्यात तर आणखी पेच आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट, म्हणून बाहेरून पाणी आणावे लागते. वान धरणावरची ८४ खेड्यांची योजना त्यासाठीच झाली. बाहेरचे पाणी आले की गावोगाव उंच खांबांवरच्या टाक्या आल्या. जिथे टाकीची गरज सगळ्यात जास्त, तिथेच माती टाकीला सगळ्यात वाईट. आणि टाकीचे सारे वजन डोक्यावर!

"आपल्याकडे कुठे आला भूकंप?" असे कोणी म्हणेल. किल्लारीही तेव्हाच्या नकाशात सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे जवळजवळ १०,००० माणसे गेली. पुढे २००२ मध्ये भूकंपाच्या मानकातून तो सर्वात खालचा पट्टाच काढून टाकला. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात सहाच्या वरचा धक्का बसला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये मेळघाटात धारणी तालुक्यातल्या साद्राबाडीला जमीन कितीतरी दिवस हादरत होती. अमरावतीच्या उत्तरेला दिसणारी गाविलगडची रांगही एका मोठ्या भ्रंशाच्या कडेने उभी आहे.

पूर्णेच्या खोऱ्यात गाळ शेकडो फूट खोल आहे. मऊ गाळ हादरा वाढवतो, हे १९८५ मध्ये मेक्सिको शहराने जगाला दाखवले. भूकंपाचे केंद्र साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर, पण जुन्या तळ्याच्या गाळावरच्या इमारती कोसळल्या. पूर्णेकाठी तसेच होईल असे मी म्हणत नाही. पण दरवर्षी माती उचलून-आपटून भिंतीची ताकद आधीच खर्च झाली असेल, तर हलका धक्काही तिला भारी पडेल.

उपाय नवे नाहीत. रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी खाली फुगा असलेले काँक्रीटचे खांब रूढ केले. फुग्याची रुंदी खांबाच्या साधारण अडीचपट, आणि खोली साडेतीन मीटरच्या आसपास, जिथे ओल फारशी कमी-जास्त होत नाही. वर तुळया खांबांना बांधून घेतात, पण तुळईखाली थोडी पोकळी ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी तुळईला ढकलत नाही. मुंबईच्या आयआयटीतले डॉ. आर. के. कट्टी यांनी दुसरी वाट दाखवली. काळीवर साधारण एक मीटर जाडीचा, चिकट पण न फुगणारा मातीचा थर दाबून बसवायचा. कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यावर हा उपाय वापरला गेला. आपल्याकडे तसा मुरूम मिळतो, पण तो निवडून, ओला करून, थराथराने दाबावा लागतो. ट्रॉली उलटवली की झाले, असे नव्हे. नुसती वाळू भरली तर उलट पाणी साचायला जागा होते.

अर्थात फुगण्यावरचा हा इलाज हादऱ्यावर पुरेसा नाही. खोलवर ओली, सैल वाळू असेल तर ती धक्क्याने पातळ होते, तिथे खडीचे खांब दाबून घालावे लागतात. म्हणून आधी बोअर घेऊन माती तपासायला हवी, आणि खर्च वाचवायचा म्हटला की पहिली कात्री तिथेच लागते. टाकीच्या खांबावर उद्घाटनाची पाटी लागते, पण खाली काय घातले ते मोजमापाच्या पुस्तकात राहते.

आमच्या गावात अंगणवाडीची नवी खोली ई-क्लासवरच व्हायची आहे. सरपंचांना म्हटले आहे, खड्डे खणाल तेव्हा बुजवण्याआधी मला एक निरोप द्या. छत्री आणि काठी तयार आहे.