पडद्यामागचं सुपा

रामनगरच्या जुन्या घरांत गेलो की माझं लक्ष आधी भिंतीवरच्या फोटोंकडे जातं. माझा धंदाच तो आहे. त्यातले पुष्कळ फोटो आमचं सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली जाण्याआधीचे. नवरा खुर्चीवर बसलेला, बायको शेजारी उभी, तिचा एक हात खुर्चीच्या पाठीवर, दोघांनीही श्वास रोखून धरलेला. त्यांच्या मागे मात्र संगमरवरी जिना, कारंजं, गुलाबाच्या कुंड्या, एखाद्या फोटोत तळ्यातले हंस. सुप्यात असला जिना नव्हता आणि हंसही नव्हते. तो स्टुडिओचा रंगवलेला पडदा. बेळगावला किंवा दांडेलीला दवाखान्याच्या, कोर्टाच्या, लग्नाच्या कपड्यांच्या निमित्ताने गेलेल्या माणसांनी सवडीने काढून घेतलेले हे फोटो. ती माणसं ज्या गावात जन्मली, वाढली, त्या गावाचा एक कोपराही त्यात दिसत नाही. जिथे गाव दिसायला हवं, नेमक्या त्याच जागी पडदा आहे.

माझ्या आत्येला मी एकदा विचारलं, "आत्ये, सुप्याचा बाजार नेमका कुठे भरायचा गो?" ती जमिनीवर बोटाने रेघा ओढायला लागली. ही काळी नदी, ही पांढरी नदी, इथे दोन्ही मिळतात, हा उतार, हे अमक्याचं दुकान. मग मी विचारलं, "त्याचा एकही फोटो कसा नाही?" ती म्हणाली, "फोटोला पैसे पडायचे रे बाबा. गाव तर रोजच दिसत होतं. त्याचा कोण फोटो काढतो?"

तिचं खरं होतं. फोटोचा इतिहास चाळला की जाणवतं, की गेल्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागात जगातल्या बहुतेक माणसांनी हेच उत्तर दिलं असतं.

सुप्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आमच्या तालुक्याबाहेरच्या माणसाला ते नाव धरणाचं वाटतं. काळी नदी आमच्याच तालुक्यात डिग्गीच्या बाजूला उगम पावते आणि 184 किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्राला मिळते. तिला पांढरी जिथे येऊन मिळायची, तिथे सुपा होतं. हा मुलूख 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता. 1883 साली मुंबई सरकारने छापलेल्या कॅनरा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये सुप्याचं वर्णन सापडतं, पण शब्दांत. पुढे गणेशगुडीला धरण उभं राहिलं. त्याची उंची 101 मीटर, पायथ्याच्या वीजघरात पन्नास-पन्नास मेगावॅटचे दोन संच. 1987 मध्ये काम पुरं झालं. गाव पाण्याखाली गेलं, तालुक्याचा कारभार जोयड्याला आला आणि सुप्यातल्या पुष्कळ कुटुंबांना रामनगरला जागा मिळाल्या. आमचं घर त्यांतलंच. अजूनही म्हातारी माणसं तालुक्याला सुपा तालुकाच म्हणतात.

आता फोटोचं बघू. कॅमेरा आपल्याकडे फार लवकर आला. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ नारायण दाजी हे दोघेही डॉक्टर त्या मंडळींत होते. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे आपल्या देशातल्या अगदी पहिल्या फळीतले फोटोग्राफर. पण त्या काळची रीत काय होती? काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, तो ओला असतानाच काच चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, ओली असतानाच धुवायची. थर वाळला की खेळ संपला. त्यामुळे फोटोग्राफर बाहेर पडला तर तंबू, बाटल्या, काचा, पाण्याच्या घागरी आणि हमाल सोबत घेऊनच. इतकी यातायात करून कोण रस्त्यावरच्या साध्या मंगळवारचा फोटो काढणार? म्हणून त्या काळातलं जे उरलं आहे त्यात लेणी आहेत, किल्ले आहेत, राजे आहेत, आणि जातीजातींचे नमुने म्हणून उभी केलेली माणसं आहेत. मला त्या शेवटच्या फोटोंकडे बघवत नाही. माणसाला त्याच्या अंगणातून उचलून कोऱ्या भिंतीपुढे उभं केलं, की त्याचा पेहराव तेवढा उरतो.

कोरड्या काचा आल्या, 1888 मध्ये कोडॅकचा हातात धरायचा कॅमेरा आला, तेव्हा फोटोग्राफरचे पाय मोकळे झाले. आपल्या मराठी माणसांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे मला फार जवळचे वाटतात. मुंबईत फोटोचं दुकान चालवणारा हा माणूस. 1899 मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती हलत्या चित्रांत पकडली, आणि 1901 मध्ये रँग्लर परांजपे विलायतेहून परतले त्या स्वागताचं चित्रण केलं. आपल्या शहरात जे घडतंय ते तिथेच, त्याच दिवशी टिपायचं, ही ओढ त्यांच्यात दिसते. तरीही कुस्ती काय किंवा स्वागत काय, ते प्रसंगच होते. साधा दिवस अजून कॅमेऱ्यापुढे आला नव्हता.

तो आणला दादासाहेब फाळक्यांनी, एका कुंडीच्या रूपाने.

फाळके सिनेमाचे म्हणून सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्याआधी ते गोध्र्याला फोटोचा धंदा करत होते. 1912 मध्ये ते लंडनला जाऊन सिनेमाचं तंत्र शिकून आले, कॅमेरा मागवला, आणि भांडवल देणाऱ्यांना या यंत्राची किमया पटवायची म्हणून त्यांनी एक प्रयोग केला. कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, समोर कॅमेरा रोखून ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज एक चौकट टिपली. पडद्यावर ती चित्रं सलग फिरली तेव्हा दाणा रुजला, कोंब वर आला, वेल झाला. 'अंकुराची वाढ' हे त्याचं नाव. त्यानंतर 'राजा हरिश्चंद्र', 1913.

सगळे त्यातल्या कोंबाबद्दल बोलतात. मला कोंब यायच्या आधीचे दिवस महत्त्वाचे वाटतात. रोजची चौकट म्हटल्यावर दाणा मातीखाली असतानाही फाळक्यांनी कॅमेऱ्याची कळ दाबली असणार. आज माती, उद्या माती, परवाही माती. त्या मातीच्या चौकटी नसत्या तर कोंब वर आला हे कळलं असतं, पण तो कशातून वर आला ते दिसलं नसतं. रोज एक फोटो, त्याच जागेवरून, काही दिसो न दिसो: आपल्याकडे याचा आरंभ मी त्या कुंडीपासून धरतो.

पॅरिसमध्ये यूजेन आत्जे नावाचा माणूस त्याच सुमाराला मोठा काचांचा कॅमेरा खांद्यावर घेऊन पहाटे निघायचा आणि पाडल्या जाणाऱ्या गल्ल्या, दुकानांच्या खिडक्या, अंगणं टिपायचा. 1927 मध्ये तो वारला तोवर जुन्या शहराचा मोठा भाग त्याच्या काचांवर उतरला होता. आणि न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंगस्टन याने 31 मार्च 1979 पासून रोज एक पोलरॉईड काढला. जेवणाचं ताट, मित्र, रस्ता, पुढे आजारपण, दवाखाना. 25 ऑक्टोबर 1997 ला, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी, तो गेला. त्या दिवसापर्यंतचे फोटो आहेत. ही माणसं मला माझ्या धंद्यातली वडीलधारी वाटतात.

आमच्या भागात मात्र अशी चैन परवडण्यासारखी नव्हती. एका रोलमध्ये बारा फोटो. अगफा क्लिक थ्री हा कॅमेरा ज्याच्या घरी असायचा त्याला लग्नामुंजीत जेवणाची पहिली पंगत मिळायची. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल बेळगावहून आणायचा, आणि ते बारा फोटो चवथीपासून शिमग्यापर्यंत पुरवायचे. मी ज्यांच्याकडे काम शिकलो त्यांच्या डार्करूममध्ये लाल बल्बखाली उभं राहून कागदावर चेहरा उमटताना पाहिला की अंगावर काटा यायचा. हायपोचा वास बोटांना दोन दिवस राहायचा. पावसाळ्यात मात्र हाल. आमच्याकडे जूनला लागलेला पाऊस सप्टेंबरपर्यंत उसंत देत नाही. प्रिंट वाळता वाळत नसत आणि लेन्सला बुरशी धरायची. कॅमेरे लाकडी कपाटात ठेवून आत चाळीसचा बल्ब रात्रंदिवस जळता ठेवावा लागे. ऐंशीच्या दशकात हॉट शॉट कॅमेरा आला तेव्हा लोक स्वतः फोटो काढू लागले, पण रोल छत्तीसचा झाला तरी सवय तीच. सगळ्यांना ओळीत उभं करायचं, केस नीट करायला सांगायचे, मागचं वाळत घातलेलं धुणं काढून टाकायचं. ते धुणं, ती पडवी, ते शेणाने सारवलेलं खळं आज बघायला मिळालं असतं तर आत्येला जमिनीवर रेघा ओढाव्या लागल्या नसत्या.

सुपा बुडालं ते या काळात. कॅमेरे होते, स्टुडिओ होते, रोल होते. रोजचा फोटो काढायची रीत तेवढी नव्हती.

डिजिटल आल्यावर फोटोला पैसे पडेनासे झाले, आणि तेव्हापासून मी रामनगरचा रोज एक फोटो काढतो. नियम थोडेच. दुकानापासून चालत जाता येईल इतक्याच अंतरात. कुणाला उभं करायचं नाही. काही हलवायचं नाही, धुणंसुद्धा. दिवस चुकवायचा नाही. विशेष काही दिसलं नाही, तर बेळगाव-पणजी रस्त्याच्या कडेला माझी ठरलेली जागा आहे, तिथून गावाच्या दिशेने एक. हे माझे मातीचे दिवस.

या मातीच्या दिवसांनीच मला सगळ्यात जास्त दाखवलं. रस्ता रुंद करायला घेतला तेव्हा आधी झाडांवर आकडे आले, मग झाडं गेली, मग नुसती लाल माती, मग पावसात चिखल, मग पुन्हा माती. गावातल्या माणसाला विचारा, आंबा नेमका कुठे होता? तिघे तीन जागा दाखवतात. फोटोत आंबा आहे, त्याच्या सावलीचा कल आहे, बुंध्याला टेकवलेली सायकल आहे. 2020 च्या मार्चअखेरचे, टाळेबंदीतले फोटो बघितले तर हायवेच्या मधोमध कुत्री झोपलेली दिसतात. अनमोडकडची गोव्याची हद्द बंद होती. छपरं बघा: आधी मंगळुरी कौलं, मग एका बाजूला कौलं आणि दुसऱ्या बाजूला पत्रा, मग सगळाच पत्रा. कुठल्या वर्षी गावाने कौल सोडलं याची नोंद कुठल्याच कचेरीत होत नाही. माझ्याकडे ती आहे.

एकदा एका घरातले लोक दुकानात आले. वडील वारले होते, दिवसकार्याला मोठा फोटो हवा होता. त्यांच्याजवळ आधार कार्डावरचा तेवढा होता, तोंड सुजल्यासारखं दिसणारा. मी म्हटलं थांबा, आणि रोजच्या फोटोंत शोधलं. चहाच्या दुकानाच्या फळीवर म्हातारबाबा बसलेले सापडले, कमरेला मागे आकडीत अडकवलेला कोयता, शेजारी पिशवीत मुडली आणि कणगी हे कंद, बाजाराला आलेले. मी विचारलं, चेहरा तेवढा कापून मोठा करू का? थोरला मुलगा म्हणाला, "नको दादा, काही कापू नका. बाबा असेच बसायचे." फळी, पिशवी, चहावाल्याचा अर्धा हात, सगळ्यासकट तो फोटो त्यांनी भिंतीला लावला. मागे पडदा नाही, रामनगर आहे.

लोक विचारतात, आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, मग तुमच्या या खटाटोपाची काय गरज? फोटो वाढले हे खरं, पण त्यांतल्या बहुतेकांत आपलाच चेहरा पुढे असतो आणि गाव पुन्हा मागे जातं. मोबाईल बिघडला की तेही जातात. म्हणून मी दर महिन्याला निवडक फोटो कागदावर काढून ठेवतो. पाठीमागे पेन्सिलीने लिहितो, कारण शाई इथल्या दमटपणात पसरते: तारीख, वेळ, मी कुठे उभा होतो, तोंड कुठल्या दिशेला, डावीकडून उजवीकडे कुणाची दुकानं. उन्हाळ्यात सुप्याच्या जलाशयाच्या काठालाही जातो. पाणी उतरलेलं असतं, काठाला लाल मातीचा पट्टा उघडा पडतो, त्यात वाळलेले बुंधे उभे. तिथे एक दगड ठरवलाय, त्यावरून दरवर्षी एक.

पण एकटा माणूस एकच गाव सांभाळू शकतो. आमचा तालुका जंगलात विखुरलेला, दहा घरांची वाडी, मग पुन्हा रान. तिथली कुमरीची, म्हणजे फिरत्या शेतीची, जुनी शेतं, गवताची छपरं, पायवाटा माझ्या डोळ्यांदेखत बदलताहेत, आणि मी तिथे रोज पोचू शकत नाही. जानेवारीत जोयड्याला कंदमेळा भरतो. डिग्गी, उळवीकडच्या वाड्यांवरून कुणबी माणसं कंद घेऊन येतात, त्यांच्याबरोबर मोबाईल घेतलेली पोरंही असतात. यंदा मी छापलेल्या फोटोंचा एक गठ्ठा घेऊन तिथे बसणार आहे. त्या पोरांना फोटो दाखवायचे, पाठचं लिहिलेलं वाचायला द्यायचं, आणि प्रत्येकाला विचारायचं, तुझ्या वाडीत रोज एका जागी उभं राहायचं झालं तर ती जागा कुठली?