तबकडीवरची नक्कल

वाचकहो, आपल्याकडची जुनी हस्तलिखित पोथी उघडली, की शेवटच्या पानावर नकलून काढणाऱ्याची एक विनवणी पुष्कळदा आढळते. हिला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असा तिचा मतलब. ज्याने महिनोन् महिने पाठ वाकवून बोरू चालवला, त्याला आपल्या मेहनतीचे वैरी कोण कोण, हे पुरते ठाऊक होते. ती विनवणी मनात ठेवून आज आपण एका निराळ्या पोथीकडे पाहू. जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची ही चकचकीत तबकडी. तुम्ही-आम्ही तिला सीडी म्हणतो.

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या शाळेत जाण्याचा योग आला. तिथल्या गुरुजींनी २००६ साली गावातल्या म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या होत्या, आणि तालुक्याला जाऊन त्या दोन सीड्यांवर उतरवून आणल्या होत्या. एक खिडकीजवळच्या मांडणीवर राहिली, दुसरी लोखंडी कपाटात, डबीत. बारा वर्षांनी लावून पाहतात तो काय, खिडकीजवळची मुकी! कपाटातली तेवढी बोलली. त्या बायांपैकी तोवर एकही हयात नव्हती. गावाच्या त्या पुंजीची एवढी एकच नक्कल उरली होती.

असे का झाले? ते कळायला या तबकडीचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

सीडी बाजारात आली ती १९८२ साली. जपानची सोनी आणि हॉलंडची फिलिप्स, या दोन कंपन्यांचे ते अपत्य. पण ती तबकडी कारखान्यातच साच्यातून छापून निघे. तुम्ही विकत घ्यावी आणि ऐकावी. तिच्यावर काही लिहिता येत नसे. कोणालाही लिहिता येईल अशी कोरी तबकडी १९८८ साली जपानच्या तायो युदेन या कंपनीने तयार केली. तिच्यात प्लॅस्टिकच्या चकतीवर एका रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि त्यावर सोन्याचा किंवा चांदीचा आरसा. रायटरमधला लेझरचा किरण त्या रंगाला जागोजागी तापवतो, आणि तिथे बारीक खुणा उमटतात. पुढे वाचताना मंद किरण त्याच खुणांवरून फिरतो. म्हणूनच या कामाला 'बर्न करणे' म्हणतात. ताम्रपटावर छिन्नीने कोरतात, इथे रंगावर डाग देतात. इतकाच फरक, पण फार मोलाचा. तांबे शतकानुशतके टिकते. रंग उन्हात उडतो. खिडकीजवळची सीडी मुकी का झाली, याचे उत्तर बहुधा इथेच आहे.

आरंभी हे लिहिणारे यंत्र म्हणजे राजेरजवाड्यांचा खेळ. १९९० च्या सुमारास यामाहा कंपनीच्या रेकॉर्डरला पस्तीस हजार डॉलर पडत, आणि त्याच्याबरोबरची यंत्रे वेगळीच. १९९५ च्या सप्टेंबरात ह्यूलेट-पॅकार्डने ९९५ डॉलरला रायटर विकायला काढला. हजाराच्या आत आलेला तो पहिला. त्यानंतर ही यंत्रे हां हां म्हणता घरोघर गेली. तरी एक खोड होतीच. लिहिणे मध्ये थांबवता येत नसे. संगणकाकडून मजकूर यायला पळभर उशीर झाला, की सारी तबकडी वाया. २००० साली सान्यो कंपनीने यावर तोड काढली, आणि जिथे थांबले तिथून पुढे लिहिणारे रायटर आले.

दरम्यान प्रकारही वाढले. सीडीवर सातशे मेगाबाइट मावत, डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट, म्हणजे साडेसहापट. ब्लू-रेच्या एका थरावर पंचवीस. पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी १९९७ मध्ये आली. लिहिण्याच्या डीव्हीडीत तर दोन घराणीच झाली, एक 'वजा आर' आणि दुसरे 'अधिक आर'. काही काळ घेणारा माणूस भांबावून गेला, मग दोन्ही जातींच्या तबकड्या लिहिणारे रायटर निघाले आणि तंटा मिटला. आपल्या देशातही हा धंदा मोठा झाला होता. दिल्लीजवळ नोएडाला मोझर बेअर कंपनीने १९९९ पासून कोऱ्या सीड्या काढल्या आणि जगभर पाठवल्या. पुढे पेनड्राइव्ह आले, इंटरनेट आले, मागणी आटली, आणि २०१८ साली ती कंपनी दिवाळ्यात निघाली.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे झाले, पण घ्यायचे काय? इतिहासच ते सांगतो. सीडीचा आरसा वरच्या बाजूला, नावाच्या कागदाखाली, नुसत्या लाखेच्या पापुद्र्याने झाकलेला असतो. आपण खालची बाजू जपतो आणि वर बॉलपेनाने खरडतो; नेमके उलटे! डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती त्या बाबतीत बरी. वर कागद चिकटवू नये. लिहायचे तर मऊ टोकाच्या पेनाने, मधल्या कड्यापाशी. पुसता येणारी तबकडी जतनासाठी घेऊ नये. जे पुसता येते ते चुकून पुसलेही जाते. रायटर आणि तबकडी यांचे जमते की नाही, हेही पाहावे. कोऱ्या तबकडीच्या खाचेतच तिच्या कारखानदाराची खूण असते. रायटर ती वाचून किरणाचा जोर ठरवतो. वेष्टनावरचे नाव एकाचे आणि माल दुसऱ्याचा, असे पुष्कळदा असते. म्हणून शंभराचा गठ्ठा घेण्याआधी पाच-दहा लिहून पाहाव्यात. वेग सगळ्यांत मोठा निवडू नये, मधला बरा.

आणि लिहून झाल्यावर पडताळणी करावी. हे मात्र आपल्याला नवे नाही. ज्ञानेश्वरीच्या नकला होता होता तिच्यात पाठभेद शिरले, तेव्हा एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणला निरनिराळ्या प्रती ताडून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला. नक्कल केली म्हणजे काम संपले नाही. ती मुळाशी ताडून पाहिली म्हणजे संपले. रायटरच्या पडद्यावर 'पडताळून पाहू का?' अशा अर्थाचा प्रश्न येतो, तेव्हा घाईने 'नको' म्हणू नका.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. इंग्लंडात विल्यम राजाने १०८६ साली आपल्या मुलखाची पाहणी करून 'डूम्सडे' नावाचे दप्तर कातड्यावर लिहवून घेतले. त्याला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने देशभरच्या शाळांतली मुले आणि शिक्षक हाताशी धरून नवे दप्तर केले. दहा लाखांवर लोकांनी त्यात हातभार लावला. ते त्या काळच्या दोन मोठ्या लेझर तबकड्यांवर उतरवले. पण त्या वाचणारी यंत्रे महाग, फार थोडी खपली, आणि पुढे कोणी बनवीनाशी झाली. सोळाच वर्षांत, २००२ साली, ते दप्तर पुन्हा वाचता यावे म्हणून तज्ज्ञांना खटपट करावी लागली. विल्यमचे कातडे मात्र आजही डोळ्यांनी वाचता येते! तबकडी धडधाकट होती. तिला वाचणारे यंत्र गेले होते.

आपल्या सीड्यांची वाट तीच आहे. तायो युदेन २०१५ मध्ये या धंद्यातून बाहेर पडली. सोनीने लिहिण्याच्या ब्लू-रे तबकड्या बनवणे २०२५ साली थांबवले. नव्या संगणकांत सीडी घालायची फटच बहुधा नसते. बाहेरून जोडायचा रायटर घ्यावा लागतो. तो मिळतो तोवर एक तालुक्याच्या शाळेत तरी असू द्या.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या कपाटात गावाचे जे काही तबकडीवर असेल ते दर दिवाळीच्या सुट्टीत एकदा चालवून पाहा. तीन नकला ठेवा: एक तबकडीवर, एक हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी, दुसऱ्याच्या छपराखाली. आग लागली, पूर आला, तरी एक उरेल. आणि पाच-सात वर्षांनी सगळे नव्या साधनावर पुन्हा उतरवा. आपल्या पोथ्या वाचल्या त्या नुसत्या कागदाच्या बळावर नव्हे. दर पिढीत कोणीतरी बोरू घेऊन बसले, म्हणून त्या वाचल्या.

त्या गुरुजींनी कपाटातली सीडी त्याच दिवशी पेनड्राइव्हवर उतरवली, आणि शेजारच्या गावच्या शाळेला एक प्रत दिली. ओव्या आता दोन गावांत आहेत.