फायनल फँटसी २ : वापरातून वाढणारे सामर्थ्य

जपानमधील स्क्वेअर कंपनीचा ‘फायनल फँटसी २’ हा व्हिडिओ गेम १७ डिसेंबर १९८८ रोजी निन्टेंडोच्या फॅमिकॉम संचासाठी प्रकाशित झाला. साम्राज्याच्या आक्रमणात घरदार गमावलेल्या तरुणांच्या बंडाची ही कथा आहे. मात्र हा खेळ प्रामुख्याने ओळखला जातो, तो पात्रांच्या विकासाच्या आगळ्या पद्धतीमुळे.

‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) आणि पहिला ‘फायनल फँटसी’ (१९८७) या खेळांत शत्रूला हरवल्यावर अनुभवगुण मिळतात. पुरेसे गुण साठले, की पात्र वरच्या पातळीवर जाते. रचनाकार अकितोशी कावाझू यांनी दुसऱ्या भागात ही पद्धत वगळली.

येथे जे वापरावे, तेच वाढते. तलवार, भाला, कुऱ्हाड, धनुष्य अशा प्रत्येक शस्त्रप्रकाराचे आणि प्रत्येक मंत्राचे कौशल्य स्वतंत्रपणे मोजले जाते. त्याची कमाल पातळी १६ आहे. लढाईत मोठी इजा सोसणाऱ्याची प्राणशक्ती वाढते. मंत्र वापरणाऱ्याची जादूशक्ती वाढते. मूळ आवृत्तीत बळ वाढताना बुद्धी घटण्याचीही शक्यता असते. त्यामुळे पात्र योद्धा होणार की जादूगार, हे खेळाडूच्या सवयींवरून ठरते.

लढाईत आधी सर्व साथीदारांना आज्ञा द्याव्या लागतात. त्यानंतर दोन्ही बाजूंचे वार होतात. मागच्या रांगेतील पात्र जवळच्या शस्त्राघातांपासून सुरक्षित राहते. परंतु इजाच न झाल्याने मूळ आवृत्तीत त्याची प्राणशक्तीही मागे पडते. चौथा साथीदार कथानकानुसार बदलत राहतो, आणि त्याच्यावर घेतलेली मेहनत त्याच्याबरोबरच निघून जाते.

या नियमांतून एक विसंगतीही निर्माण झाली. प्राणशक्ती लवकर वाढावी, म्हणून खेळाडू आपल्याच साथीदारांवर वार करू लागले. मूळ आवृत्तीत आज्ञा देऊन ती रद्द केली, तरी तिची गणना कौशल्यात होत असे. अनुभवाचे वास्तव चित्र उभे करणारी रचना अशा रीतीने आकडे वाढवण्याचे साधन ठरली.

१९९० मधील तिसऱ्या भागात अनुभवगुण परत आले. कावाझू यांनी मात्र आपली कल्पना सोडली नाही. त्यांच्या ‘सागा’ मालिकेतील ‘रोमान्सिंग सागा’ (१९९२) या खेळातही पात्रांची वाढ अनुभवपातळीवर अवलंबून नाही. ‘फायनल फँटसी २’ची नवी आवृत्ती २०२१ मध्ये प्रकाशित झाली, वापरातून वाढ हे मूळ तत्त्व तिच्यातही कायम आहे.