व्यथेची कथा कोणीं सांगावी ?

मनाचा आजार लपविण्याची रीत सर्वच समाजांत आढळते. परंतु अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या मौनाला निराळा इतिहास आहे. तें मौन केवळ लाजेचें नव्हतें, सावधपणाचेंहि होतें; कारण त्यांच्या मनाविषयीं अधिकारवाणीनें प्रथम बोलले ते त्यांच्या गुलामगिरीचे कैवारी.

इ. स. १८४० च्या खानेसुमारींत उत्तरेकडील स्वतंत्र कृष्णवर्णीयांमध्यें वेडाचें प्रमाण भयंकर दाखविलें गेलें. स्वातंत्र्य या लोकांना मानवत नाहीं, असा निष्कर्ष त्यावरून निघाला व १८४४ सालीं परराष्ट्रमंत्री कॅल्हून यांनीं तोच आधार पुढें केला. डॉ. एडवर्ड जार्व्हिस यांनीं आंकडे तपासले, तेव्हां वूस्टर येथील वेड्यांच्या इस्पितळांतील १३३ गोरे रोगी कृष्णवर्णीयांच्या रकान्यांत पडलेले दिसले ! १८५१ सालीं डॉ. कार्टराइट यांनीं तर गुलामाच्या पळून जाण्यालाच 'ड्रेपेटोमेनिया' हें रोगाचें नांव दिलें आणि उपायांत चाबूकहि सांगितला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. जें शास्त्र स्वातंत्र्याच्या ओढीला वेड म्हणतें, त्याच्यापुढें मन कोण उघडें करील ?

उत्तर आलें तें आत्मकथनांतून. फ्रेडरिक डग्लस यांनीं १८४५ च्या आत्मचरित्रांत, क्रूर धन्याच्या हाताखालीं शरीराबरोबर आपलें मनहि कसें खचलें, हें निर्भयपणें लिहिलें.

पुढें १९४६ सालीं न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत, सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरांत, लाफार्ग दवाखाना उघडला. कादंबरीकार रिचर्ड राइट, डॉ. फ्रेडरिक वेर्थम व धर्मोपदेशक शेल्टन हेल बिशप यांचा हा उद्योग. फी पंचवीस सेंट. डेलावेअरमधील शाळांच्या खटल्यांत वेर्थम यांनीं येथें तपासलेल्या मुलांच्या आधारें साक्ष दिली : मुलांना वर्णावरून वेगळें बसविल्यानें त्यांच्या मनाला इजा होते. तो खटला १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या सुप्रसिद्ध निकालांत सामील झाला. मुलांनीं सांगितलेलें दुःख अशा रीतीनें न्यायासनापर्यंत पोंचलें. दवाखाना मात्र १९५८ सालीं बंद पडला.

तरीहि घरांतील मौन सुटावयाचें होतें. संकटें सोसून टिकलेल्या समाजांत खंबीरपणा हाच धर्म ठरतो, आणि खचणें म्हणजे श्रद्धेचें उणें वाटतें. १९९८ सालीं मेरी नाना-आमा डांक्वा यांनीं स्वतःच्या विषादरोगाची हकीकत पुस्तकरूपानें मांडली. २००५ सालीं बीबी मूर कँपबेल यांनीं मुलीच्या मनोरोगाशीं झुंजणाऱ्या आईची कादंबरी लिहिली. त्या २००६ सालीं निवर्तल्या. १९०८ नव्हे, तर पुरतें शतक लोटून २००८ सालीं अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानें अल्पसंख्य समाजांतील मानसिक आरोग्याच्या जागृतीसाठीं जुलै महिना त्यांच्या नांवानें ठरविला.

कथा ही औषधाची जागा घेत नाहीं. वैद्य हवा, पैसा हवा, आणि वैद्यावर विश्वासहि हवा. पण जो विश्वास दुसऱ्यांनीं रचलेल्या खोट्या हकीकतींनीं मोडला, तो स्वतःच्या खऱ्या हकीकतींनींच पुन्हा जोडला जातो, असें आम्हांस हा इतिहास पाहून वाटतें. रोग्यानें आपलें दुःख आपल्या तोंडानें सांगावें आणि शेजाऱ्यानें तें तुच्छता न करतां ऐकावें, एवढ्यानेंहि दवाखान्याची वाट पुष्कळ जवळ येते.